ओरिजिनल की डुप्लिकेट? वाचनालयातल्या एका फाटलेल्या पिशवीची गोष्ट

विषय तसा किरकोळ आहे. पाणीपट्टी, खड्डे, नगरपालिकेचं राजकारण सोडून हा माणूस आज व्हॅक्यूम क्लीनरच्या पिशवीवर काय लिहीत बसलाय, असं काही जणांना वाटेल. वाटू द्या. पण पोस्ट शेवटपर्यंत वाचा, कारण मिक्सरचं भांडं, कुकरची रिंग, पाण्याच्या फिल्टरची कँडल, प्रिंटरची शाई, सगळीकडे आपण याच प्रश्नावर अडतो. कंपनीचं घ्यायचं की बाजारातलं?

गोष्ट दिवाळीच्या आधीची. आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर मीही आहे. पाचेक वर्षांपूर्वी पुण्यात स्थायिक झालेल्या एका जुन्या वाचकाने वाचनालयाला व्हॅक्यूम क्लीनर भेट दिला. पुस्तकावरची धूळ फडक्याने झटकली की ती या कपाटावरून उठून त्या कपाटावर बसते, हे वाचनालय चालवणाऱ्या कुणालाही विचारा. त्यात आमच्याकडे गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या धुराड्यातून काजळी येते ती वेगळीच. त्यामुळे हे यंत्र नुसतं शोभेला नाही, रोज वापरात आहे.

यंत्रात धूळ साठायला कागदी पिशवी असते. ती भरली की फेकायची, नवी लावायची. कंपनीच्या पाच पिशव्यांचा पुडा नऊशे रुपयांना, म्हणजे एक पिशवी एकशे ऐंशीला. आम्हाला महिन्याला साधारण एक लागते. गेल्या उन्हाळ्यात पुडा संपला. जिल्ह्याच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला तर उत्तर आलं, "ते मॉडेल जुनं झालं सर, मागवावी लागेल, वीसेक दिवस धरा." वीस दिवसांचे दोन महिने झाले. शेवटी कामानिमित्त पुण्याला गेलो होतो तेव्हा मीच एका दुकानातून दहा पिशव्यांचा पुडा घेऊन आलो. साडेचारशे रुपये. पिशवी पडली पंचेचाळीसला. कोषाध्यक्ष सरांनी मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं. वर्षाला सोळाशे वीस रुपये वाचणार, असा हिशोबही त्यांनी तिथंच मांडला.

पहिल्या तीन पिशव्या नीट चालल्या. चौथी फाटली.

साधी फाटली नाही. वाचनालयासमोरचा रस्ता काँक्रीटीकरणासाठी खोदलेला, आत वाचन कक्षाच्या ओल आलेल्या भिंतीला नवं प्लॅस्टर केलेलं. दिवाळीपूर्वीची साफसफाई म्हणून सफाईवाल्या मावशी सकाळपासून तेच प्लॅस्टरचं पीठ यंत्राने ओढत होत्या. दुपारी अचानक आवाज बदलला, मागच्या जाळीतून पांढरा लोट निघाला आणि यंत्र बंद पडलं. झाकण उघडलं तर पिशवी सांध्यावरून उभी उसवलेली. मावशींच्या केसांवर, तोंडावर, पदरावर सगळी धूळ. बाजूच्या कपाटातल्या जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली पांढऱ्याफटक. मावशी पुढचा आठवडाभर खोकत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "दादा, मला वाटलं मीच काहीतरी चुकीचं बटण दाबलं."

ही गोष्ट मला लागली. पिशवी मी आणलेली, हिशोब सरांनी मांडलेला, आणि अपराधी वाटतंय मावशींना.

दुरुस्तीचा अंदाज आला बत्तीसशे रुपये. म्हणजे सरांनी मांडलेली दोन वर्षांची बचत एका दुपारी धुळीत गेली. मीटिंगमध्ये अर्थातच दोन तट पडले. सचिव म्हणाले, "मी आधीच सांगत होतो, ओरिजिनलशिवाय घेऊ नका." कोषाध्यक्ष म्हणाले, "ओरिजिनल मिळत नव्हती म्हणून तर आणली ना?" दोघांचंही खरं होतं. म्हणून मी यंत्र उचललं आणि आमच्या बाजारपेठेत गेली तीस वर्षं मोटारी भरणाऱ्या चाचांकडे नेलं. निदान झालं काय ते तरी कळू दे.

चाचांनी यंत्र खोललं आणि मला स्टुलावर बसवून शिकवणी घेतली. त्यांनी जे सांगितलं आणि नंतर मी वाचून पडताळलं, ते थोडक्यात असं.

व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी ही खरं तर पिशवी नाहीच, ती गाळणी आहे. पंखा हवा ओढतो, हवा पिशवीत येते, धूळ आत राहते आणि हवा कागदाच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडून मोटारीकडे जाते. बऱ्याचशा घरगुती यंत्रांत हीच हवा मोटार थंडही ठेवते. केस, कागदाचे कपटे, पानं यांनी पिशवी भरली तरी हवेला वाट राहते. पण प्लॅस्टर, सिमेंट, राख, खडूची भुकटी, रांगोळी यांचे कण इतके बारीक असतात की ते कागदाची छिद्रंच लिंपून टाकतात. पिशवी वरून अर्धी रिकामी दिसते, आणि आतून पूर्ण बंद झालेली असते. मग पिशवीच्या आत-बाहेर हवेच्या दाबातला फरक वाढत जातो आणि जिथं कागद किंवा डिंकाचा सांधा कच्चा, तिथून ती फाटते. फाटली की सगळी धूळ थेट मोटारीकडे. तिथं कार्बन ब्रश, बेअरिंग, कॉइल. आणि मागच्या जाळीतून सगळ्यात बारीक धूळ परत माणसाच्या नाकात.

चाचांनी आमची फाटलेली पिशवी हातात घेतली. तोंडाशी असलेला पुठ्ठ्याचा गळा बोटाने वाकवला. "हे बघा, कंपनीचा पुठ्ठा जाड असतो, त्याला रबराची रिंग असते. याला रिंगच नाही. धूळ बाजूनं निसटत होती आधीपासूनच." मग मोटारीच्या पुढचा स्पंजचा फिल्टर काढून माझ्या हातावर ठेवला. तो काळा ठिक्कर, दगडासारखा. "हा कधी धुतला होता?" मी गप्प. पाच वर्षांत कुणीच धुतला नव्हता. "आणि पिशवी भरल्याची खूण दाखवणारी ही लाल पट्टी कुणी बघितली का?" ती असते हेच आम्हाला माहीत नव्हतं. शेवटी म्हणाले, "प्लॅस्टर ओढलंत ना? मग ओरिजिनल असती तरी फाटली असती. जरा उशिरा फाटली असती एवढंच."

तेव्हा मला आठवलं. दोन वर्षांपूर्वी रंगकाम झालं तेव्हाही पिशवी फाटली होती. ती कंपनीची होती. तेव्हा मात्र कुणी 'ओरिजिनल वाईट' असं म्हटलं नाही. यंत्रालाच दोष दिला.

आता माझं मत सांगतो. 'ओरिजिनल की डुप्लिकेट' हा प्रश्नच आपण चुकीचा विचारतो. बाजारात माल दोन प्रकारचा नसतो, तीन प्रकारचा असतो.

पहिला, कंपनीचा स्वतःचा. दुसरा, दुसऱ्या कंपनीने स्वतःच्या नावाने बनवलेला, 'अमुक मॉडेलला बसेल' असं लिहून विकलेला. यात गैर काही नाही. आपल्या ट्रेडमार्क कायद्यातही, सुटा भाग कशाला बसतो हे प्रामाणिकपणे सांगण्यापुरतं मूळ कंपनीचं नाव वापरायला मुभा आहे. जर्मनीतली मेलिटा ही कॉफीचे फिल्टर बनवणारी कंपनी 'स्वर्ल' या नावाने वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना बसणाऱ्या पिशव्या राजरोस विकते. आणि तिसरा प्रकार म्हणजे मूळ कंपनीचं चिन्ह छापून विकलेला नकली माल, किंवा कुणाचंच नाव नसलेला निनावी माल. आपण दुसऱ्याला आणि तिसऱ्याला एकाच शब्दात 'डुप्लिकेट' म्हणून मोकळे होतो. त्यामुळे चांगलं बनवणारा दुसरा उत्पादक बदनाम होतो, निनावी माल विकणाऱ्याचं फावतं आणि मूळ कंपनीला हवी ती किंमत लावता येते.

मी आणलेला पुडा तिसऱ्या प्रकारातला होता. साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत दहा नग. उत्पादकाचं नाव नाही, पत्ता नाही, महिना-वर्ष नाही, एमआरपी नाही, तक्रारीसाठी नंबर नाही. 2011 च्या वजनमाप विभागाच्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांनुसार हे सगळं पाकिटावर असायला पाहिजे. पत्रकार म्हणून मी दुसऱ्यांना 'लेबल वाचून घ्या' असं सांगत फिरतो आणि स्वतः घेताना पाकीट उलटं करून बघितलंही नाही. चूक माझी. ती इथं सगळ्यांसमोर कबूल करतो.

पण म्हणून कंपनीला सोडायचं का? नाही. एकशे ऐंशी रुपयांच्या पिशवीत कागद किती आणि पुठ्ठ्याच्या त्या खास आकाराची किंमत किती, हा प्रश्न विचारला पाहिजे. प्रत्येक कंपनीचा, कधी कधी तर प्रत्येक मॉडेलचा गळा वेगळा. एकीची पिशवी दुसरीला बसत नाही. यंत्र एकदा विकायचं आणि पिशवी आयुष्यभर विकायची, हा धंदा आहे. धंदा करायला हरकत नाही. पण मग ती पिशवी मिळाली तरी पाहिजे! पाच वर्षांत 'मॉडेल जुनं झालं' म्हणणारा माणूस ग्राहकाला निनावी पुड्याकडे ढकलत असतो. आणि वर वॉरंटी कार्डावर बारीक अक्षरात छापलेलं असतं की दुसऱ्याचा सुटा भाग वापरला तर वॉरंटी रद्द.

या वॉरंटीच्या बाबतीत अमेरिकेत 1975 पासून कायदा आहे, मॅग्नसन-मॉस नावाचा. 'आमचाच भाग वापरा, नाहीतर वॉरंटी गेली' अशी अट कंपनीला सहसा घालता येत नाही. भाग फुकट देत असेल तर गोष्ट वेगळी. दुसऱ्याच्या भागामुळेच बिघाड झाला असेल तर तेवढ्यापुरती जबाबदारी नाकारता येते. किती साधं, न्याय्य आहे बघा. आपल्याकडे प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता, कारण त्या सुटे भाग आणि दुरुस्तीची साधनं खुल्या बाजारात मिळू देत नव्हत्या. पुढं प्रकरण अपिलात गेलं, दंडाच्या आकड्यावरून वाद झाले. पण मुद्दा देशासमोर आला. 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर' म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टल सुरू केलं. त्यात शेती अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, वाहनं यांच्याबरोबर घरगुती उपकरणंही आहेत. चांगली गोष्ट आहे. पण पोर्टलवर माहिती असणं वेगळं आणि तालुक्याच्या दुकानात पिशवी मिळणं वेगळं. हे अंतर कापायला अजून बराच रस्ता आहे, आणि तोही आमच्या वाचनालयासमोरच्या रस्त्यासारखा खोदलेला.

युरोपात या यंत्रांसाठी 2013 मध्ये नियम झाले. मोटार किमान 500 तास चालली पाहिजे, नळी 40,000 वेळा हलवून-वाकवूनही टिकली पाहिजे, असे निकष 2017 पासून लागू झाले. त्याच सुमाराला एक मजेशीर खटलाही झाला. बिनपिशवीचे क्लीनर बनवणाऱ्या डायसन कंपनीचं म्हणणं होतं की विजेच्या बचतीचं लेबल देताना यंत्रं रिकाम्या पिशवीने तपासतात, घरात मात्र पिशवी भरत जाते. 2018 मध्ये युरोपीय न्यायालयाने ते मान्य केलं आणि ती लेबलांची पद्धतच रद्द झाली. अर्थात डायसनचा त्यात स्वतःचा फायदा होता. पण मुद्दा लाखमोलाचा आहे. तपासणी रिकाम्या पिशवीची, वापर भरलेल्या पिशवीचा. आपल्याकडच्या कितीतरी सरकारी योजनांचंही हेच होतं की नाही सांगा.

आता खऱ्या मुद्द्यावर येतो. वाचनालयाचे बत्तीसशे रुपये गेले, ते वर्गणीतून भरून निघतील. पण ही धूळ गेली कुणाच्या छातीत? कोषाध्यक्षांच्या नाही, सचिवांच्या नाही, माझ्याही नाही. ती गेली मावशींच्या. आपल्या गावात व्हॅक्यूम क्लीनर आता पतसंस्थेत आहे, बँकेत आहे, मंगल कार्यालयात आहे, दवाखान्यांत आहे. खरेदी करणारा एक, बिल तपासणारा दुसरा आणि यंत्र हातात धरणारा तिसरा. खरेदीचा नियम एकच, सगळ्यात कमी दर. पंचेचाळीसची पिशवी घेऊन जे पैसे वाचतात ते संस्थेचे, आणि पिशवी फाटली की जे भोगायचं ते सफाई कामगाराने. ही विभागणी मला अजिबात मान्य नाही.

एक योगायोग सांगतो. 1907 मध्ये अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कँटन गावी जेम्स मरे स्पँग्लर नावाचा एक माणूस दुकानात साफसफाईचं काम करायचा. त्याला दम्याचा त्रास. झाडताना उडणाऱ्या धुळीनेच खोकला वाढतो असा त्याला संशय आला. म्हणून त्याने पंख्याची मोटार, झाडूचा दांडा आणि धूळ साठायला चक्क उशीचा अभ्रा जोडून एक यंत्र बनवलं. 1908 मध्ये त्याला पेटंट मिळालं, पुढं हूवर नावाच्या उद्योजकाने ते हक्क विकत घेतले आणि घराघरात व्हॅक्यूम क्लीनर पोचला. म्हणजे हे यंत्र मुळात एका सफाई कामगाराने स्वतःची छाती वाचवायला बनवलेलं. आणि त्याची पहिली पिशवी कुठल्याही कंपनीची 'ओरिजिनल' नव्हती, घरातला अभ्रा होता! सव्वाशे वर्षांनी आपण त्याच यंत्राने मावशींच्या तोंडावर धूळ उडवतो, याला काय म्हणायचं?

आम्ही वाचनालयात शेवटी काय ठरवलं ते सांगतो, कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून.

उरलेल्या सहा निनावी पिशव्या फेकल्या. दुसऱ्या प्रकारातली, म्हणजे एका वेगळ्या उत्पादकाची, कागदाऐवजी न विणलेल्या कापडाच्या थरांची पिशवी शोधली. नाव, पत्ता, किंमत, तक्रार नंबर सगळं छापलेलं. नव्वद रुपयांना एक. पहिल्यांदा एकच मागवली, चाचांकडे नेऊन गळा बसतो का, रिंग घट्ट आहे का ते तपासलं, मगच पुडा घेतला. स्पंज दर महिन्याला धुऊन, पूर्ण वाळवून लावायचा. पावसाळ्यात पिशव्यांचा पुडा बंद डब्यात ठेवायचा, कारण ओलीने कागद आणि डिंक दोन्ही मऊ पडतात. भरलेली पिशवी उलटी करून, झटकून, स्टेपल मारून परत लावायची नाही (हो, तेही आम्ही करून बघितलं होतं). आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्लॅस्टर, सिमेंट, राख घरगुती यंत्राने ओढायचीच नाही. त्यावर पाणी शिंपडायचं, ओल्या फडक्याने पुसायचं. मावशींसाठी चांगले मास्क आणलेत आणि पिशवी भरल्याची लाल पट्टी कुठं असते हे त्यांना दाखवलंय. आता पिशवी कधी बदलायची हे त्या ठरवतात, कोषाध्यक्ष नाही.

तीन महिने झाले, गळीत हंगाम जोरात आहे, काजळी पडतेच आहे. पिशवी अजून फाटलेली नाही. कधीच फाटणार नाही असा माझा दावा नाही.

काही मागण्याही आहेत. कंपन्यांनी यंत्र विकतानाच पाकिटावर लिहावं की पिशव्या आणि फिल्टर किती वर्षं मिळतील आणि आजचा दर काय. दुकानदारांनी निनावी पुडे ठेवू नयेत. ठेवले तर वजनमाप निरीक्षकांनी दिवाळीच्या मिठाईखेरीज इकडंही बघावं. संस्थांनी खरेदीच्या ठरावात 'सर्वात कमी दर' लिहिताना वापरणाऱ्याची एक सही घ्यावी. आणि नगरपालिकेने खोदलेल्या रस्त्यावर दिवसातून दोनदा पाणी मारावं. रस्त्यावरची धूळ कमी झाली तर निम्मा प्रश्न तिथंच मिटतो, त्याला ओरिजिनल-डुप्लिकेट काही लागत नाही.

ग्राहक म्हणून फसवणूक झाली असेल तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. बिल मात्र पाहिजे. मी पुण्यात घेतलं नव्हतं. "बिल कशाला साहेब, तेवढेच पैसे कमी करतो," असं दुकानदार म्हणाला आणि मी हसून मान डोलावली. पुढच्या वेळी नाही डोलावणार.

तुमच्याकडे काय अनुभव आहे? कुठला सुटा भाग कंपनीकडे मिळत नाही, कुठला बाजारातला चांगला निघाला, कुठला फसवा निघाला, खाली लिहा. दुकानाची बदनामी नको, वस्तू आणि अनुभव तेवढा लिहा. चांगली माहिती जमली तर यादी करून वाचनालयाच्या फलकावर लावू. मावशींनी फलक कालच पुसून ठेवलाय.